वीस नळ्यांचा कळप

मशीनने कागद बाहेर टाकला तेव्हा मोजणीबाईच्या हातातला चहा चांगला वाफाळत होता. तिने आकडे वाचले, कप टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला आणि विसरून गेली. संध्याकाळी झाडूवालीने तो सायीसकट मोरीत ओतला.

एक्क्याण्णव. नव्वद. ब्याण्णव. एक्क्याण्णव. एक्क्याण्णव. नव्वद. असे वीस आकडे, एकाखाली एक, कवायतीला उभ्या केलेल्या पोरांसारखे सरळ.

मोजणीबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. जनावरांच्या रक्ततपासणीच्या त्या लॅबमध्ये तिला सोळा वर्षं झाली होती, आणि एक थेंब इकडचा तिकडे झाला तरी ती शहाण्णव खळग्यांची अख्खी प्लेट टाकून देऊन पहिल्यापासून लावायची. बरोबरच्या बायका चेष्टा करायच्या, "अगं, भाजीत मीठ तरी अंदाजाने घालतेस की तेही मोजून?" ती म्हणायची, "मोजून." आणि खरंच मोजून घालायची. लॅबच्या प्रमुख मॅडम तिचा अहवाल न वाचताच पुढे पाठवायच्या. "मोजणीबाईची सही आहे ना? मग मी कशाला डोळे फोडून घेऊ?"

लाळ्या-खुरकूत हा गुरांचा विषाणूचा रोग. तोंडात फोड, खुरांत फोड. गाय खात नाही, धड उभी राहत नाही, आणि लहान वासरांचं तर काळीजच निकामी होतं. त्याची लस टोचली की जनावराच्या रक्तात अँटिबॉडी तयार होतात, आणि त्या किती आहेत हे मोजणीबाईची प्लेट सांगते. पन्नासच्या वर आकडा म्हणजे जनावर बहुधा तरेल, खाली असेल तर सगळा नशिबाचा खेळ. पण कळपातल्या गाई काही एका साच्यातून काढलेल्या नसतात. एकीला दोनदाच लस मिळालेली असते, दुसरीला दहादा. कोणी गाभण, कोणी आजारातून उठलेली, कोणी मुळातच नाजूक. खऱ्या कळपाचे आकडे तीसपासून पंचाण्णवपर्यंत वाटेल तशा उड्या मारतात. वीस गाई एका सुरात बोलताना तिने सोळा वर्षांत पाहिल्या नव्हत्या.

वीसही नळ्यांत एकाच गाईचं रक्त होतं. ती गाय कुठली, हे तिला ओळखता आलं. आणि रक्त कोणी काढलं ते सोबतच्या फॉर्मवर लिहिलेलंच होतं. तिच्या बाबांनी.

बाबांना सगळे सुईकाका म्हणायचे. एकतीस वर्षं ते गोठ्यागोठ्यांतून लस टोचत आणि रक्त काढत हिंडले होते. गाईच्या मानेवर अंगठा ठेवायचे, मालकाशी पाऊसपाण्याच्या गप्पा मारत दुसरीकडेच बघायचे, आणि गाईला पत्ता लागायच्या आत नळी भरलेली असायची. "शीर शोधायची नसते," ते नव्या लोकांना सांगायचे, "अंगठा ठेवला की तीच वर येते." दुसऱ्यांदा टोचायची वेळ त्यांच्यावर येत नसे, आणि याचा त्यांना किती अभिमान आहे हे ते कधी बोलून दाखवत नसत, पण घरातल्या भिंतींनाही ते ठाऊक होतं. निवृत्तीला पाच महिने उरले होते.

फॉर्मवरचं अक्षर तिने पुन्हा निरखून पाहिलं. कोंबडीचे पाय उमटावेत तसं अक्षर. बाबांचं अक्षर म्हणजे एकेकाळी छापल्यासारखं. मग तिला एकेक आठवत गेलं. गेल्या दोन महिन्यांत बाबांनी दाढी वाढवली होती आणि तीच त्यांना चिडवत होती की म्हातारपणी संन्यास घ्यायचा विचार आहे की काय. बटणांचे सदरे कपाटात पडून होते, ते डोक्यावरून घालायचे बनियनवजा शर्ट वापरत होते. आणि चहा. "अर्धाच कप दे, हल्ली पित्त होतं." पित्त कसलं आणि काय! भरला कप हातात धरवत नव्हता.

थरथरत्या हाताने शीर सापडत नाही. तरणी गाय दुसऱ्या टोचणीला लाथ झाडते, तिसरीला दावं तोडते. अशा वेळी गोठ्यात एखादी गरीब, म्हातारी, कितीही टोचा, मान पुढे करून उभी राहणारी गाय असेल तर माणूस शेवटी तिच्याकडे वळतो. तशी गाय त्या गोठ्यात होती. अकरा वर्षांची, एकवीस वेळा लस घेतलेली. सगळ्या गोठ्याकडे अशा काही नजरेने बघायची की तिचं नावच सासूबाई पडलं होतं. बाबा घरी येऊन तिच्या नकला करून दाखवायचे.

नियम साधा होता. फॉर्मवर 'नमुने संशयास्पद' असं लिहायचं आणि नळ्या परत पाठवायच्या. त्यानंतर काय झालं असतं तेही तिला माहीत होतं: मॅडमनी कारण विचारलं असतं, चौकशी लागली असती, आणि ज्या माणसाने एकतीस वर्षांत एक नळी खोटी भरली नाही, तो वीस खोट्या नळ्यांचा शिक्का घेऊन घरी बसला असता. दुसरा मार्ग म्हणजे घरी जाऊन सरळ विचारायचं, "बाबा, हात थरथरतात का हो?" आई गेल्यापासून ती दोघंच घरात होती. एकमेकांची औषधं, चपला, छत्र्या सगळं दोघांना पाठ होतं. पण हा प्रश्न विचारायची हिंमत तिच्याकडे नव्हती. खरं सांगायचं तर तिला चौकशीपेक्षा बाबांच्या तोंडाची जास्त भीती वाटली, तो प्रश्न ऐकल्यावर ते जसं होईल त्याची.

मग तिने मनाची समजूत घातली. गोठा तोच, लस तीच, टोचणाराही तोच. एकीला एक्क्याण्णव आहे तर बाकीच्या काही अगदीच उघड्या नसतील.

आणि तिने संगणकावर आकडे टाकले. एकाहत्तर. चौऱ्याऐंशी. सहासष्ट. अठ्ठावन्न. खरा कळप कसा दिसतो हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? कोणाला संशय नको म्हणून तिने दोन गाई मुद्दाम पन्नासच्या खाली ठेवल्या. मशीनचा मूळ कागद फायलीत खाली सरकवला, अहवालावर सही केली, आणि मॅडमनी तो न वाचता पुढे पाठवला.

त्या मोसमात लशीचा तुटवडा होता. ज्या गोठ्यांचे आकडे पडलेले त्यांना आधी, चांगल्या आकड्यांच्या गोठ्यांना पुढचा साठा आल्यावर, म्हणजे दोन महिन्यांनी, असं ठरलेलं होतं. हेही तिला सही करताना माहीत होतं.

चार दिवसांनी गोठ्याच्या मालकिणीचा फोन आला. साठ गाई सांभाळणारी ही बाई, सगळे तिला मावशीच म्हणत. मावशींना मनात वाचता येत नसे. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी असो, ट्रकच्या मागचा मजकूर असो, समोर अक्षर आलं की त्या मोठ्याने वाचायच्या. फोनवरही त्यांनी अहवाल वाचायला सुरुवात केली.

"सतरा नंबर, एकाहत्तर. ही माझी ठेंगणी! बाविसावी चौऱ्याऐंशी. म्हणजे काजळी. बघ, मी म्हणत नव्हते, काजळी अंगाने काटक आहे? आणि सासूबाई एक्क्याण्णव. ती गं काय, ती आम्हा सगळ्यांना पोचवून मग जाईल. आणि या दोघी नापास का गं झाल्या? बरं असू दे, अभ्यास करायला सांगते त्यांना." स्वतःच्याच विनोदावर त्या खळखळून हसल्या. "सुईकाका इथेच उभे आहेत. तेही ऐकतायत. देऊ का त्यांना?"

"नको मावशी, प्लेट लावायचीय," मोजणीबाई म्हणाली.

त्या दिवशी बाबा घरी आले, पाय धुतले, खुर्चीत बसले. अहवालाबद्दल अवाक्षर काढलं नाही. ती भाजी चिरत होती. बराच वेळ ते तिच्या पाठीकडे बघत असावेत, कारण ती वळली तेव्हा त्यांनी घाईघाईने मान फिरवली.

"चहा टाकू का?" तिने विचारलं.

"टाक. अर्धाच."

तिने अर्धा कप दिला. विषय तिथेच संपला.

त्या फोननंतर एकोणिसाव्या दिवशी मावशींच्या गोठ्यात रोग शिरला.

सकाळी फोन आला तेव्हा दोन वासरं गेली होती, दुपारी पाच, दुसऱ्या दिवशी मोजायचं थांबलं. तिसऱ्या दिवशी मॅडमनी मोजणीबाईला आपल्या खोलीत बोलावलं. त्यांच्यासमोर तिचाच अहवाल होता, आणि या वेळी तो त्यांनी ओळीन् ओळ वाचला होता.

"इतके चांगले आकडे असलेल्या गोठ्यात अशी वासरं मरतात म्हणजे एकच अर्थ," मॅडम म्हणाल्या. "विषाणू बदललाय. आपल्या लशीच्या अँटिबॉडी याला ओळखतच नाहीत. शीतगृहातले उरलेसुरले चार हजार डोस मी आजपासून थांबवलेत. जी लस चालत नाही ती टोचून लोकांना खोटा धीर कशाला द्यायचा? संध्याकाळी मुख्य कार्यालयाला पत्र जाईल."

"पण मॅडम... आसपासच्या गोठ्यांना उद्यापासून टोचायचं होतं ना?"

"होतं. बारा गोठे. काय करणार? दुसऱ्या कोणाचे आकडे असते तर मी दहादा विचार केला असता. तुझे आहेत म्हणून छातीठोकपणे लिहिते." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "तू जा तिकडे, सुईकाकांबरोबर. जगलेल्या गाईंचे वीस नमुने आण. बाकीची माणसं सगळी नाकाबंदीवर आहेत."

मोजणीबाई दारापर्यंत गेली. तोंड उघडलं. मॅडमनी पत्र लिहायला पेन उचललं होतं. ती तशीच बाहेर पडली, आणि त्याबद्दल तिने स्वतःला पुढे कधी माफ केलं नाही.

गोठ्याच्या फाटकाशी जंतुनाशकाच्या पाण्याची उथळ टाकी होती. दोघांनी पांढरे डगले चढवले, गमबूट बुडवले, फोन गाडीतच ठेवले.

आत शिरल्यावर आधी आवाज आला. मचमच, मचमच. पन्नासेक गाई तोंडं मिटत-उघडत होत्या, आणि प्रत्येकीच्या ओठांतून लाळेच्या तारा जमिनीपर्यंत लोंबत होत्या. ज्या उभ्या होत्या त्या एकेक पाय उचलून झाडत होत्या, जमीन तापल्यासारखी. बऱ्याचशा बसलेल्या होत्या. वासरांच्या कप्प्यात ताडपत्री घातली होती आणि तिच्या कडांना चुना टाकला होता. ताडपत्रीखाली किती आहेत ते उंचवट्यांवरून कळत होतं. तिने मोजले. सवय वाईट. तेरा.

मावशी पोटॅशच्या जांभळ्या पाण्याची बादली घेऊन एकेका गाईचं तोंड धूत होत्या. त्यांचे हात कोपरापर्यंत जांभळे झाले होते. या दोघांना बघून त्या उठल्या नाहीत.

"काजळीचं वासरू दूध पीत होतं," त्या म्हणाल्या. "मी समोरच होते. पिता पिता पडलं. आचळ तोंडातच. ओरडलंसुद्धा नाही गं."

मोजणीबाईने बादली त्यांच्या हाताशी सरकवली.

"तुम्ही दोघांनी किती केलंत. वेळेवर रक्त तपासलंत, कळवलंत. माझंच नशीब फुटकं, त्याला कोण काय करणार?" मावशींनी फडकं बादलीत पिळलं. "ती बघ आमची. तिला काही नाही आणि तिच्या वासरालाही नाही. चौदातलं तेवढं एक राहिलं."

सासूबाई कोपऱ्यात उभी राहून शांतपणे रवंथ करत होती. तिच्या पोटाखाली तिचं वासरू ढुशा देत दूध पीत होतं. मोजणीबाईला त्या वासराकडे बघवेना. वासरू जन्माला येतं तेव्हा त्याच्यापाशी स्वतःचं असं काही नसतं. आईच्या पहिल्या चिकातून ज्या अँटिबॉडी पोटात जातात त्याच त्याच्या. सासूबाईकडे द्यायला होतं. बाकीच्या तरण्या आया दोन-दोन लशींवर उभ्या, त्यांच्या चिकात द्यायला काय असणार! या गोठ्यातल्या सगळ्यांची खरी तपासणी त्या कोपऱ्यात एका नजरेत दिसत होती, आणि ती करायला मशीनही लागत नव्हतं.

बाबांनी नळ्यांचा ट्रे उघडला आणि ते काजळीपाशी बसले. मानेवर अंगठा ठेवला. सुई टोचली, चुकली. पुन्हा टोचली. काजळीने लाथ झाडली नाही. तेवढी ताकदच नव्हती तिच्यात. तिसऱ्यांदा सुई कातडीवरून घसरली आणि मानेवर लाल रेघ उठली. बाबांचा हात आता कोपरापासून हलत होता, आणि तो लपवायला आडोसा नव्हता.

ते उठले. ट्रे उचलला. खाली मान घालून कोपऱ्याकडे चालू लागले. त्यांना येताना बघून सासूबाईने नेहमीप्रमाणे मान पुढे केली.

"बाबा," मोजणीबाई म्हणाली, "नको. इकडे द्या."

ते जागीच थांबले. वळायला त्यांना खूप वेळ लागला.

मग ती दोघं परत काजळीपाशी बसली. बाबांनी अंगठा ठेवला, तो थरथरत होता पण जागा बरोबर होती, आणि त्याच्या शेजारी तिने टोचलं. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा नळीत रक्त आलं. वीस गाईंना अडीच तास लागले. वीस वेगवेगळ्या गाई. नळ्यांवर नंबर ती लिहीत होती आणि प्रत्येक नंबर लिहिताना तिला आपला तो अहवालातला आकडा आठवत होता. सतरा, एकाहत्तर. बावीस, चौऱ्याऐंशी.

दूध ठेवायच्या खोलीत हात धुवायची सोय होती. मोठी स्टीलची टाकी रिकामी पडली होती, कारण दूध नव्हतंच. बाबांनी चष्मा काढून जंतुनाशकाच्या वाडग्यात बुडवला आणि ते उलट्या क्रेटवर बसले.

"तुला कळलं होतं," ते म्हणाले.

"हो."

"पहिल्याच दिवशी?"

"मशीनमधून कागद निघाला तेव्हाच."

त्यांनी मान हलवली. "मला तेच हवं होतं. ऐक तू. मी काही मूर्ख नाही, वीस नळ्यांत एकीचं रक्त घातलं की आकडे सारखे येणार हे मला कळत नाही का? एकतीस वर्षं या धंद्यात घातली. फसवायचं असतं तर दोन-तीन गाई तरी बदलल्या असत्या. मला वाटलं, तू पकडशील. नळ्या परत पाठवशील, मॅडम विचारतील, मग सांगावंच लागेल. तोंडाने सांगायची ताकद नव्हती गं. म्हटलं, मोजणीबाई आहे तिथे. तिच्या हातून सुटणार नाही."

मोजणीबाईने टाकीचा काठ धरला. तिला वाटलं होतं की तिने बाबांना झाकलं. झाकून घ्यायला ते आलेच नव्हते.

"मग मावशींनी अहवाल वाचला," बाबा पुढे म्हणाले. "मी तिथेच होतो. एकाहत्तर, चौऱ्याऐंशी, सहासष्ट. मला आधी वाटलं, दुसऱ्याच कोणाचा अहवाल आलाय. मग समजलं. तू माझ्यासाठी आकडे बदललेस. आता मी बोललो असतो तर माझ्याबरोबर तूही गेली असतीस. सोळा वर्षांची नोकरी, तुझं नाव... मी गप्प बसलो."

"एकोणीस दिवस होते बाबा."

"रोज सकाळी उठून ठरवायचो. आज सांगू."

"मीसुद्धा."

दोघांनी एकमेकांना जपलं होतं, आणि ताडपत्रीखाली तेरा वासरं होती. तिला रडू आलं नाही. स्वतःची किळस आली. तिच्या लहानपणी आईची बोलणी चुकवायला ती दोघं मिळून खोटं बोलायची तेव्हा आई म्हणायची, तुम्ही दोघं बाप-लेक सारखेच चोर. आई हसत म्हणायची ते.

"मॅडम लस थांबवतायत," ती म्हणाली. "त्यांना वाटतंय विषाणू बदललाय. संध्याकाळी पत्र जाईल. बारा गोठे उघडे पडतील."

बाबा ताडकन उठून उभे राहिले. "लशीला काय झालंय? लस चांगली आहे! ती सासूबाई उभी आहे ना बाहेर धडधाकट! कागद घे. लिही. माझ्या हाताने लिहिलेलं कोणाला लागायचं नाही."

भिंतीवर दुधाच्या नोंदींची वही टांगलेली होती. तिने मागचं कोरं पान फाडलं. बाबा भिंतीकडे तोंड करून सांगत गेले आणि ती लिहीत गेली.

"नळी क्रमांक एक ते वीस, सगळं रक्त एकाच गाईचं आहे. माझा हात थरथरतो म्हणून मी बाकीच्या गाईंचं रक्त काढलं नाही. त्यामुळे त्या गाईंमध्ये अँटिबॉडी किती होत्या हे कोणालाच माहीत नाही. रोग आला तो लस चुकीची म्हणून नाही. लस थांबवू नये. बारा गोठ्यांना आजच द्यावी. लिहिलंस?"

"लिहिलं."

"आणि आता हे लिही. लॅबला याची काहीही कल्पना नव्हती. चूक सर्वस्वी माझी."

पेन थांबलं. "एका गाईचे वीस वेगळे आकडे कसे आले, विचारतील ना."

"म्हण मशीन बिघडलं होतं. म्हण काहीही. लिही तू."

तिने लिहिलं. बाबांनी वाचून दाखवायला सांगितलं, चष्मा वाडग्यात होता. तिने सगळं वाचून दाखवलं, शेवटचं वाक्यही, जसंच्या तसं, त्यांनी सांगितलं तसं. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरून सही केली. सही तीन जागी तुटली. शेजारी, थोडी खाली, तिने आपली केली.

"तुझी कशाला?"

"लिहिणाऱ्याची लागते," ती म्हणाली.

फोन गाडीत होते, आणि गाडीची वाट गोठ्याच्या मधून जात होती. मावशी रिकामी बादली हातात घेऊन वाटेतच उभ्या होत्या. बाजूने निघून जाता आलं असतं. मॅडमना फोन करून मग मागाहून कोणाकडून तरी कळवता आलं असतं, लोक तसंच करतात. मोजणीबाईने कागद मावशींपुढे धरला.

"हे आधी तुम्ही वाचा."

मावशींनी जांभळे हात पदराला पुसले आणि कागद घेतला. मोठ्याने वाचू लागल्या, नेहमीसारख्या, अडखळत, शब्दाशब्दावर थांबत. "नळी क्रमांक एक ते वीस... सगळं रक्त... एकाच गाईचं आहे." त्यांनी वर बघितलं. पुन्हा कागदाकडे. "...कोणालाच माहीत नाही. ...लस थांबवू नये. बारा गोठ्यांना आजच द्यावी." बाबा भिंतीला टेकून उभे होते. "हे सर्व आकड्यांवरून मला, लिहिणारीला... त्याच दिवशी समजलं होतं. तरी मी अहवालात... खोटे आकडे भरले. मशीनचा मूळ कागद फायलीत आहे."

"हे मी नव्हतं सांगितलं," बाबा म्हणाले.

"माहीत आहे," मोजणीबाई म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे बघितलं. त्यांचा हात आता खांद्यापासून हलत होता आणि ते तो लपवत नव्हते.

मावशींना अजून नीट उमजत नव्हतं. "पण काजळी चौऱ्याऐंशी होती ना गं?" त्या म्हणाल्या. "मी वाचलं होतं ना तुला फोनवर. चौऱ्याऐंशी."

"काजळीचं रक्त त्या दिवशी कोणी घेतलंच नव्हतं, मावशी."

मागे गाई मचमच करत होत्या. मावशींनी एकदा काजळीकडे बघितलं, एकदा ताडपत्रीकडे. बादली खाली ठेवली.

"फोन कर जा," त्या म्हणाल्या. "बारा गोठे आहेत."

मोजणीबाई गाडीकडे धावली. फाटकाशी बूट बुडवताना तिने मागे वळून बघितलं. मावशी तिथेच उभ्या होत्या. त्यांनी कागद पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला होता, आणि त्यांचे ओठ हलत नव्हते.